रिकाम्या घराचं मीटर

आमच्या नात्यात कोणी भाड्यानं द्यायला म्हणून घर घ्यायचं काढलं, की त्याला आधी मीटरमामाकडे पाठवायची पद्धत होती. मीटरमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. चौतीस वर्षं वीज कंपनीत मीटर वाचत हिंडला. हातात बॅटरी, खिशात डायरी, कानावर पेन्सिल. लोकांची घरं त्यानं पुढच्या दारानं कधी पाहिलीच नाहीत. जिन्याखालून, बोळातून, न्हाणीघराच्या मागून पाहिली. त्यामुळे घराबद्दल त्याला जे कळायचं ते दलालाला कळत नसे.

सल्ला मागायला आलेल्या माणसाला तो आधी खुर्चीत बसवायचा आणि स्वतः उभा राहायचा. मग प्रयोग सुरू.

"दलाल तुला खिडकीपाशी नेईल. म्हणेल, हवा बघा! तू हवा बघू नकोस, खाली बघ. खिडकीखालची भिंत फुगलीय का, हात लावून बघ. नळ सोड आणि बादली भरेपर्यंत तिथेच उभा राहा. लोक धार बघतात आणि खूश होतात. अरे, धार काय, दोन मिनिटं कुणाचीही चांगली असते!"

समोरचा हसला, की मामा बोटं मोजायला लागायचा.

"वर्षाचे बारा महिने धरू नकोस. दहा धर. एक महिना घर रिकामं पडणार, एका महिन्याचं भाडं दुरुस्ती खाणार. दहात जमत असेल तरच घे. दुसरं, मीटर बघ. रिकामं म्हणून दाखवलेल्या घराचं मीटर हलत असेल, तर आत कोणीतरी राहतंय किंवा बाहेरून कोणीतरी वीज चोरतंय. काही असो, पाय मागे घ्यायचा. तिसरं, विकणाऱ्याकडून सगळ्या किल्ल्या मागून घे. एक देतो आणि दुसरी विसरतो. खोटारडा नसतो रे तो. हात सुटत नाही त्याचा."

आणि मग आवाज खाली आणून, शेवटचं.

"पहिली तारीख सोडून भाडेकरूच्या दारात उभं राहायचं नाही. पैसे घेतलेस ना? मग ते घर तुझं नाही. एक तारखेला पाच मिनिटांपुरतं तुझं."

हा नियम त्यानं कुठे वाचला नव्हता. मामा आणि माझी आई लहानपणी आजीबरोबर एका भाड्याच्या खोलीत राहायची. घरमालक कधीही यायचा. दार वाजवायचा नाही, ढकलायचा. चुलीवरच्या भांड्यावरचं झाकण उचलून बघायचा, "आज काय बेत?" आजी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. आई हे सांगताना अजूनही पदराला हात पुसते, हात कोरडे असले तरी. मामा सांगायचा नाही. त्यानं त्याचा नियम केला.

निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून मामानं स्वतःच्या घरापासून दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मामा-मामीला मूलबाळ नाही. पेन्शन बेताचं. पोटापुरतं भागायचं, औषधांचं काय?

"मुलगा नाही तर नाही," मामी सगळ्यांना सांगायची. "पण एक तारखेला पैसे देणारं घर आहे आम्हाला. आणि सून आणत नाही ते, हा वरचा फायदा!"

त्या दोन खोल्या म्हणजे दोघांचं उरलेलं आयुष्य होतं. हे त्यांना माहीत होतं, आणि आम्हालाही.

पहिला भाडेकरू मिळाला तो साठीचा, शिडशिडीत, एकटा. छापखान्यासाठी प्रुफं तपासायचा. सगळे त्याला प्रूफवाले म्हणायचे. मामीनं त्याला स्वतःच्या बैठकीत बसवून चहा दिला आणि चौकशी लावली.

"घरी कोण कोण?"

"मी."

"आणि?"

"आणि मीच."

"फ्रिज, टीव्ही?"

"नाही. टेबल आहे. दिवा आहे. पंखा तुमचा आहेच."

"जेवण?"

"डबा येतो. न आला तर मी जातो."

मामीनं मामाकडे पाहिलं. मामाच्या चेहऱ्यावर तर लॉटरी लागली होती. भिंतीत खिळा न ठोकणारा भाडेकरू! करारनामा प्रूफवाल्यांनी घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणला, लाल शाईनं रंगवून. तेवीस चुका.

"सही करायच्या आधी दुरुस्त करून घ्या," ते म्हणाले. "चुकीच्या कागदावर मी सही करत नाही."

"बघितलंस?" मामा मामीला म्हणाला. "असा माणूस भाडं थकवेल?"

थकवलं नाही. साडेतीन वर्षं, दर एक तारखेला सकाळी नऊला मामा दार वाजवायचा, प्रूफवाले दार उघडायचे, पाकीट द्यायचे, मामा पावती द्यायचा. "पाणी?" "येतंय." "गळती?" "नाही." "बरं." "बरं." एवढाच संवाद. दोघांनाही तो पुरत होता. मला वाटतं, दोघांनाही तो आवडत होता.

पण मामा रोज सकाळी फिरायला जायचा तो त्याच रस्त्यानं. इमारतीत शिरायचा, जिन्याखाली वाकायचा, आपल्या मीटरचा आकडा बघायचा, डायरीत लिहायचा आणि निघायचा. चौतीस वर्षांची खोड. फिरत्या आकड्यांचं जुनं मीटर होतं, शेवटचा आकडा लाल, युनिटचा दहावा भाग दाखवणारा.

"हेरगिरी करताय म्हाताऱ्याची," मामी म्हणायची.

"दार वाजवतो का मी? आत डोकावतो का? आकडा बघतो. आकडा काय, बाहेरच असतो."

आणि आकड्यांवरून मामाला सगळं कळायचं. दिवसाला दीड युनिट म्हणजे ठीक चाललंय. दोनावर गेलं की काम जास्त आलंय, दिवा जास्त जळतोय. "काल इस्त्री केली वाटतं," मामा चहा पिताना म्हणायचा. "कुठे जाणार असतील?" मामी विचारायची. आणि दोघं उगाच, आपल्याच घरातलं कोणी असल्यासारखं, प्रूफवाले कुठे जाणार असतील यावर बोलत बसायची.

मग एका महिन्यात मंगळवार आणि बुधवारचा आकडा एकच आला.

मामानं चष्मा पुसून परत पाहिलं. लाल आकडासुद्धा तोच. घरी येऊन तो मामीला म्हणाला, "प्रूफवाले गावाला गेले वाटतं."

"कुठल्या गावाला? त्यांचं कोण आहे?"

"प्रत्येकाचं कुठेतरी कोणीतरी असतं."

"सांगून नाही गेले?"

"मला का सांगतील? मी काय त्यांचा हेडमास्तर?"

गुरुवारी आकडा तोच. मामीनं पोळपाट बाजूला सरकवला.

"अहो, एकदा वर जाऊन बघा ना."

"आज तारीख किती?"

"अकरा."

"मग?"

"मग काय मग! माणूस तारखेवर आजारी पडतो का?"

"हे बघ, मी आज गेलो, की उद्या जाईन. परवा आत बसेन. तेरवा झाकण उचलून बघेन."

झाकणाची गोष्ट मामीला माहीत होती. ती म्हणाली, "फोन तरी करा."

मामानं फोन केला. बंद लागला. "बघ," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटका होती. "प्रवासात आहेत."

आणि डायरीत त्यानं लिहिलं, दार बंद, सरासरी.

मीटर वाचणाऱ्यांच्या कामातला तो रोजचा शेरा. घराला कुलूप असलं, आकडा बघता आला नाही, की मागच्या महिन्यांची सरासरी काढून तेवढं बिल लावायचं आणि पुढच्या दारी जायचं. दिवसाला दोनशे घरं करायची असतात. प्रत्येक बंद दाराशी थांबून चालत नाही. चौतीस वर्षांत मामानं ते तीन शब्द हजारो वेळा लिहिले असतील. या वेळी आकडा दिसत होता आणि दार त्यानं पाहिलंही नव्हतं. तरी हातानं लिहून टाकलं.

दुसरी किल्ली कपाटात, मामीच्या औषधांच्या डब्याशेजारी होती.

रविवारी पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याचा फोन आला. "काका, जरा या. वास येतोय."

पोलीस आले. मामानंच किल्लीनं दार उघडलं. प्रूफवाले न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडले होते. ओल्या फरशीवरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, उठता आलं नाही. फोन टेबलावर होता, टेबल सहा पावलांवर. एक प्लास्टिकचा मग त्यांच्या हातापाशी होता, त्याचा कडेचा भाग फुटलेला.

"टकटक ऐकू येत होती," शिंपी जिन्यात उभा राहून सगळ्यांना सांगत होता. "मला वाटलं, खिळा ठोकतायत. म्हटलं, कधी नव्हे ते फोटो लावत असतील."

"कधी?" मामानं विचारलं.

"मंगळवारी. बुधवारी पण. गुरुवारी सकाळी थोडीशी. मग नाही."

इन्स्पेक्टर तरुण होता, आवाज मऊ होता. खुर्ची मामाला देऊन स्वतः उभा राहिला.

"काका, तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"एक तारखेला."

"त्यानंतर काही संपर्क?"

मामानं खिशातून डायरी काढली. त्याला कोणी मागितली नव्हती. पान उघडून त्यानं इन्स्पेक्टरपुढे धरलं. इन्स्पेक्टर वाचत राहिला. मग त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा मंगळवार?"

"हो."

"आणि हे बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तोच आकडा."

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मला आकडा माहीत होता," मामा म्हणाला.

इन्स्पेक्टरनं डायरी मिटून परत दिली. बोलला असता, रागावला असता तर बरं झालं असतं, असं मामी नंतर कितीदा तरी म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की गुरुवारी संध्याकाळपर्यंत जीव असावा. तो कागद मामानं घडी करून डायरीत ठेवला. गुन्हा कोणाचा नव्हता, अपघात होता. पोलिसांचं काम एका आठवड्यात आटोपलं. छापखान्याचा माणूस येऊन टेबलावरची प्रुफं घेऊन गेला. एकशेबाराव्या पानाच्या मध्यापर्यंत लाल शाई होती, पुढे नव्हती. "आता दुसऱ्याकडून करून घ्यावं लागेल," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच ओशाळला.

मामीनं न्हाणीघराची फरशी बदलून घेतली. मामा गेला नाही. सात महिने घर रिकामं राहिलं. त्या इमारतीतलं घर म्हटलं की दलालसुद्धा खाकरायचे. मामीची गुडघ्याची इंजेक्शनं थांबली. "दहा महिने धरायचे असतात ना?" ती म्हणायची. "यंदा पाच धरा."

मग एक बस कंडक्टर आला. बायको, एक मुलगी, भरपूर भांडीकुंडी. "आम्हाला भुताची भीती नाही," तो म्हणाला. "माझ्या बसमध्ये रोज साठ असतात." मामी हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा.

पहिल्याच सकाळी मामा फिरायला गेला, मीटर पाहिलं, आणि दोन जिने चढून दार वाजवलं.

"आहात ना?"

कंडक्टरची बायको दात घासत होती. "आहोत की! का हो काका?"

"काही नाही. बरं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. "आहात ना?" मुलगी शाळेत जाऊन तोच आवाज काढून दाखवायला लागली. पंधरा दिवसांनी सगळे सुट्टीत बाहेरगावी गेले, दोन दिवस आकडा हलला नाही. मामानं शिंप्याला उठवलं, शेजारच्यांना उठवलं, दुसऱ्या किल्लीनं दार उघडून चार माणसं आत घातली. न्हाणीघरात फक्त वाळत घातलेले कपडे होते.

कंडक्टर परत आल्यावर मामाच्या घरी आला. चहा घेतला नाही.

"काका, मी तुमचा मान ठेवतो. तुमच्यावर काय गुजरलं तेही मला माहीत आहे. पण माझी बायको न्हाणीघरात जायला घाबरते आता. तिला वाटतं, तुम्ही खाली उभे राहून आकडा बघताय."

"मी फक्त दार वाजवतो हो."

"रोज?"

मामानं मान खाली घातली.

"आम्ही घर भाड्यानं घेतलं, काका. तुमची काळजी नाही घेतली."

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ते गेले. जाताना मुलीनं पायरीवरून हाक मारली, "आजोबा, आता आम्ही नाही आहोत!" तिच्या आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

त्यानंतर हॉस्पिटलमधली एक नर्स विचारायला आली. एकटी. मामीनं होकार दिला. मामा उठून उभा राहिला.

"एकट्या माणसाला द्यायचं नाही."

"एकटा माणूस काय मरायलाच येतो का तुमच्या घरात?" मामी नर्ससमोरच ओरडली. "कुटुंब आलं ते तुम्ही हाकललंत. एकटं नको. मग द्यायचं कोणाला? कबुतरांना?"

नर्सनं पर्स उचलली आणि मुकाट्यानं चपला घातल्या. ती गेल्यावर मामी पलंगावर बसली. "विकून टाका," ती म्हणाली. "बँकेत ठेवू. व्याज कमी येईल, पण व्याज पडत नाही, घसरत नाही. तुम्हाला जमणार नाही हे. पूर्वी जमत होतं. आता नाही."

मामानं वाद घातला नाही. घेणारे निघाले माझा दादा आणि वहिनी. दोघांनी आठ वर्षं साठवलेलं, भाड्यानं द्यायला पहिलंच घर. बाहेर मिळाली असती त्यापेक्षा मामानं किंमत कमी सांगितली. दादानं ती थोडी वाढवून दिली, त्यावरून दोघांचं भांडण झालं, शेवटी मामी मध्ये पडली.

ताबा घ्यायच्या दिवशी मी बरोबर होते. वहिनीच्या हातात वही होती. तिनं मामाचे सगळे सल्ले लग्नाच्या वर्षीच लिहून ठेवले होते, तेव्हा कोणाकडे पैसेही नव्हते. खिडकीखालच्या भिंतीवर तिनं हात फिरवला. बादली भरेपर्यंत नळाशी उभी राहिली. मामा जिन्यातच थांबला होता, दाराच्या चौकटीबाहेर.

"आत ये ना, मामा," दादा म्हणाला.

"तुमचं घर आहे. बघा तुम्ही."

खाली येऊन जिन्याखाली सगळे वाकलो. मीटर दादाच्या नावावर करायचं तर शेवटचा आकडा अर्जात भरायचा होता.

"मामा, सांग आकडा," दादा म्हणाला.

"तूच वाच."

दादानं वाचला. "लाल आकडा सोडायचा," मामा म्हणाला. दादानं परत वाचला. वहिनीनं कंडक्टर गेले त्या महिन्याचं बिल काढलं, आकडा लावून पाहिला, आणि तिचा चेहरा बदलला.

"मामा, घर चार महिने रिकामं होतं ना?"

"हो."

"मग हे बारा युनिट कोणी जाळले?" ती घाबरली होती, आठ वर्षांचे पैसे होते. "तुम्हीच सांगितलं होतंत. रिकाम्या घराचं मीटर हललं तर आत कोणीतरी राहतंय, किंवा कोणीतरी चोरतंय."

मामी भिंतीला टेकून उभी होती, तिला वाकता येत नव्हतं.

"हेच जातात," ती म्हणाली. "रोज सकाळी. वरचा दिवा लावतात आणि खाली येऊन बघत उभे राहतात."

"काय बघत?" दादानं विचारलं.

"हलतंय का ते."

वहिनीनं वही मिटली. जिन्याखाली इतकी कमी जागा होती की कोणाला कोणाकडे न बघता उभं राहता येईना. शेवटी मामाच बोलला.

"थांबलेलं बघवत नव्हतं गं," तो वहिनीला म्हणाला. "बाकी काही नाही. चोरी वगैरे काही नाही. तू भिऊ नकोस."

वहिनीचे डोळे भरले, पण ती व्यवहाराला पक्की आहे आणि मामाचीच शिष्या आहे. तिनं एक किल्ली मुठीत धरली होती.

"मामा," ती हळू म्हणाली, "दुसरी किल्ली?"

मामानं शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा. मग पुन्हा शर्टाचा. किल्ली डायरीच्या पानांत होती, त्या घडी घातलेल्या कागदाला लागून. त्यानं ती काढली, धरून ठेवली, आणि दिली.

"कोणाला देणार आहात?" त्यानं विचारलं.

"त्या नर्सलाच. तिचा नंबर मामीकडे होता."

"एकटीच आहे ती."

"हो."

"तिला म्हणावं..." मामा म्हणाला. आम्ही चौघं थांबलो. सल्ला द्यायला उभा राहिला की हातवारे करणारा माझा मामा, हात लोंबते सोडून उभा होता. एक माणूस दुसऱ्याच्या दारात किती वेळा उभं राहावं, याचा आकडा त्याच्याकडे नव्हता. "काही नाही," तो म्हणाला. "न्हाणीघराची फरशी नवीन आहे, म्हणावं. घसरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीनं त्याचे बूट दाराशी काढून ठेवले.

"फिरायला जायचं नाही?"

"गुडघा दुखतोय," मामा म्हणाला. गुडघा मामीचा दुखायचा. ती बूट उचलून आत ठेवून आली.

नर्स राहायला येऊन आता पाच महिने झाले. भाडं वेळेवर येतं. वहिनी एक तारखेला जाते, आणि मधल्या एखाद्या दिवशी, काहीतरी निमित्त काढून, जिने चढून येते. निमित्तं संपत आलीत, असं ती परवा मला म्हणाली. मामाला हे कोणी सांगितलेलं नाही. तो विचारत नाही.